‘झाडेचा वॉल’ नेमका कोणाचा?

श्री. प्रभाकरराव झाडे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या मूर्खपणामुळे झाली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. मी समुद्रपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते आणि माझ्याकडे एक जुनी मोपेड होती. ती दर दोन किलोमीटरवर बंद पडायची, दहा मिनिटं विश्रांती घ्यायची आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायची. एके दिवशी ती बसस्टँडच्या पुढे, कडुनिंबाखालच्या एका टिनाच्या शेडसमोर थांबली. आतून एक उंच, काळेसावळे गृहस्थ हात पुसत बाहेर आले. त्यांनी गाडीला हात लावला नाही, किकही मारली नाही. टाकीच्या झाकणाकडे पाहून त्यांनी एवढंच विचारलं, “झाकणाखाली काय टाकलं जी बाई?”

“प्लास्टिकची पन्नी,” मी म्हणाले. “पेट्रोल सांडत होतं ना, म्हणून.”

त्यांनी झाकण फिरवलं आणि टाकीने ‘सूं’ करून हवा आत ओढली. “ऐकलं? श्वास कोंडून राह्यला होता तिचा. झाकणाले बारीक भोक असते, ते तुमी बुजवलं. वरून हवा नाई आली तं पेट्रोल खाली उतरन कसं?” मग सहज विचारल्यासारखं ते म्हणाले, “शाळंत काय शिकवता?” मी खाली मान घालून सांगितलं, विज्ञान. त्याच आठवड्यात मी आठवीला हवेचा दाब शिकवला होता. झाडेजींनी आपलं हसू इतक्या सभ्यपणे गिळलं, की मला त्या क्षणापासून त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला. आमच्याकडे आदराने नावापुढे ‘जी’ लावतात. तेव्हापासून ते मला झाडेजी आणि मी त्यांना बाई.

त्यांच्या कामाबद्दल या गौरवग्रंथात जाणकार मंडळी लिहितीलच. मी बाहेरून पाहिलं ते सांगते. गाडी आली की झाडेजी आधी मालकाला बसवत आणि बोलू देत. कधी बंद पडते, सकाळी की दुपारी, चढावर की उतारावर, असं सगळं विचारून घेत. कोणाच्याही गाडीला त्यांनी ‘खटारा’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यांचा एक रिवाज होता. बदललेला जुना पार्ट ते कधी फेकत नसत. तो रॉकेलने धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हाती देत. “घ्या, तुमची वस्तू हाये. घरी जाऊन पाहा, मी खरं बोललो का खोटं.” धंद्यात इतका प्रामाणिकपणा बरा नव्हे, असं त्यांना सांगणारे पुष्कळ होते. ते ‘हो जी’ म्हणत आणि पुढचा पार्ट गुंडाळायला घेत. याच रिवाजाने पुढे त्यांचा घात केला, म्हणून मुद्दाम सांगितला.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या भागातल्या एका छोट्या दवाखान्याला परदेशातल्या स्नेह्यांनी पेट्रोलवर चालणारी एक पिकअप पाठवली. मागच्या हौद्यावर टप बसवला, आत दोन बाकं टाकली, औषधांच्या पेट्या ठेवल्या आणि दर गुरुवारी ती गाडी आडबाजूच्या गावांत जाऊ लागली. ज्या गावांना बस सकाळी एकदाच येई, तिथल्या गरोदर बायका त्या गाडीची वाट पाहत बसत. तपासणी तिथेच होई, आणि एखादीचं काही अडलेलं दिसलं तर तिला त्याच गाडीत बसवून आणत. माझी एक जुनी विद्यार्थिनी अशीच त्या बाकावर आडवी होऊन आली होती आणि तिसऱ्या दिवशी मुलगी घेऊन घरी गेली. त्यामुळे ती गाडी माझ्या लेखी नुसती गाडी नव्हती.

सहा-सात महिन्यांत गाडीला दोन विकार जडले. ड्रायव्हरसमोर एक पिवळा दिवा पेटू लागला आणि मागच्या बाकांवर पेट्रोलचा वास येऊ लागला. पोटुशा बायकांना तो सहन होईना. एक-दोघींनी गाडीत बसायला नकार दिला. नागपूरहून एक जण यंत्र घेऊन आला आणि गाडीच्या कंप्युटरमधला आकडा काढून देऊन गेला. आकड्याचा अर्थ एवढाच, की पेट्रोलची वाफ कुठूनतरी गळते आहे. कुठून, ते तुमचं तुम्ही शोधा. दवाखान्याच्या विश्वस्तांनी ठरवलं, पंधरा दिवसांत दोष निघाला तर ठीक, नाहीतर गाडी विकून टाकायची. गाडी गेली की गुरुवार गेला, हे सगळ्यांनाच कळत होतं.

काम झाडेजींकडे आलं, आणि गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्याकडे. झाडेजींची शाळा मराठी चौथीत संपलेली. त्यांनी पुस्तकाला आधी खाकी कव्हर घातलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मला कडुनिंबाखाली खुर्ची दिली आणि समोर पाटावर बसले. “वाचा बाई. हळू वाचजा.” शाळा सुटल्यावर रोज तास-दीड तास आमचा हा वर्ग चाले. मुख्याध्यापकांना विज्ञानाच्या बाईंनी गॅरेजात बसणं पसंत नव्हतं, पण मला फार आवडत होतं. कोणीतरी आपला प्रत्येक शब्द कान देऊन ऐकतं आहे, हे सुख शाळेत फारसं मिळत नाही.

वाफेची ती व्यवस्था मी वाचून सांगितली आणि झाडेजींनी लगेच तिचं मराठी केलं. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत सोडायची नाही. ती कोळशाच्या एका डब्यात साठवायची आणि इंजिन चालू असताना ओढून जाळायची. “म्हंजे तुमच्या मोपेडले मोकळा श्वास, अन् हिले नाकावर रुमाल,” ते म्हणाले. डब्याला दोन वॉल. वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, पण आमच्याकडे त्याला वॉलच म्हणतात. एक इंजिनकडे वाफ सोडणारा, दुसरा बाहेरची हवा आत घेणारा. दुसऱ्याचं इंग्रजी नाव ‘व्हेंट’, पहिल्याचं ‘पर्ज’. शब्दकोशात अर्थ पाहिला, तर जुलाब! गॅरेजात दोन दिवस हसणं थांबलं नाही. ‘जुलाबाचा वॉल’ हे नाव तिथे कायमचं रूढ झालं.

हसण्यावारी नेलेल्या त्या शब्दानेच माझा घात केला. पुस्तकात एकाखाली एक, नावानिशी, दोन ओळी होत्या: एक वॉल एरवी, म्हणजे वीज नसताना, बंद असतो, एक वॉल एरवी उघडा असतो. मी नावांकडे नीट न पाहता वाचलं आणि माझ्या शहाण्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलं, की जुलाबाचा वॉल उघडाच असणार. तेव्हा हवेचा तो बंद. मी तसंच सांगितलं. खरं होतं ते नेमकं उलट. झाडेजी गाडीखाली शिरले, हवेचा वॉल काढून आणला आणि त्यात फुंकर मारली. हवा आरपार गेली. “उघडा हाये बाई! बंद पाह्यजे म्हणता ना? सापडला चोर!” त्यांना इतका आनंद झाला, की दुसरा वॉल तपासायचं राहूनच गेलं. नवा वॉल मुंबईहून मागवला. तो यायला आठवडा लागला. झाडेजींनी तो बसवला आणि जुना, रिवाजाप्रमाणे, धुऊन कागदात गुंडाळून दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

पुढच्या गुरुवारी दुपारी पिवळा दिवा पुन्हा पेटला.

संध्याकाळी मी गॅरेजात गेले तेव्हा झाडेजी पाटावर बसले होते. नवा वॉल त्यांनी पुन्हा काढला होता आणि दवाखान्यातून जुनाही मागून आणला होता. एकात त्यांनी फुंकर मारली, मग दुसऱ्यात. “दोन्ही सारखाच श्वास घेऊन राह्यले,” ते म्हणाले. “नवा कोरा वॉल खराब कसा असन? बाई, ते पान एकडाव पुन्हा वाचा बरं.”

मी पान काढलं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि माझा आवाज बसला. त्यांना कळलं. ज्यांना इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं कळायचं, त्यांना माझा आवाज कळणार नव्हता थोडाच! त्यांनी दोन्ही वॉल खाली ठेवले. मग म्हणाले, “राहू द्या. तुमी वाचलं जी, पण पाना तं माह्याच हातात होता.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विश्वस्त जमले. मीही होते, सगळ्यांना वाटत होतं, बाई इंग्रजी समजावून सांगतील. एकाने विचारलं, “चांगला वॉल काऊन काढला?” झाडेजी उभे राहिले. “माह्याकून चूक झाली. मले समजलं नाई. दोन दिवस द्या, गळती काढून देतो.” मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते आणि मी गप्प राहिले. कारण काही मोठं नव्हतं. विज्ञानाच्या बाईंना दोन ओळींचं इंग्रजी वाचता आलं नाही, असं गावात कोणी म्हणू नये, एवढंच. त्या खोलीतून बाहेर पडताना झाडेजींनी माझ्यासाठी दार धरलं. आजही ते आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ते दोन दिवस मी तोंड लपवून घरी बसले असते, पण त्यांचाच निरोप आला: शाळेतून फुगे, रबरी नळी आणि काचेचा तीन तोंडांचा जोड आणा. झाडेजींनी या खेपेला हवेचा वॉल बॅटरीची तार जोडून बंद केला, नळी वाफेच्या वाटेला लावली, तिला फुगा बांधला आणि सायकलच्या पंपाने हलकेच हवा भरली. गळती असेल तर फुगा बसेल. सकाळी दहा वाजता आम्ही तो बांधला. अर्धा तास झाला तरी फुगा ताठच. गळती नाहीच! मी रडकुंडीला आले. झाडेजी मात्र दवाखान्याच्या ड्रायव्हरकडे, शंकरभाऊंकडे वळले. “शंकर, दिवा सकाळी कधी पेटला होता का?”

“नाई जी. दुपारूनच पेटते.”

“अन् गाडी धुतली कवा?”

“धुवाले तं रोजच धुतो. आताही धुऊनच आणली.”

“मंग बसा,” झाडेजी म्हणाले. “ऊन येऊ द्या.”

गाडी उन्हात उभी केली आणि आम्ही नुसते बसून राहिलो. सुमनवहिनींनी, म्हणजे झाडेजींच्या सौभाग्यवतींनी, घरून सांजा आणि चहा पाठवला. एक वाजून गेल्यावर फुगा मान टाकू लागला. झाडेजींनी गाडीपासून लांब, नळी पुरेल तितक्या अंतरावर, एका डब्यात निखाऱ्यांवर धूप टाकला. ठिणगी जाऊ नये म्हणून धूर पाण्याच्या बाटलीतून काढून गार केला आणि मग नळीत सोडला. सगळ्यांना दूर उभं करून ते एकटेच गाडीभोवती फिरले आणि उजव्या मागच्या चाकापाशी वाकले. “या बाई. तुमीच पाहा.”

टाकीत पेट्रोल ओतायच्या नळीवर, चाकाने उडवलेली आपली काळी माती बोटभर जाडीने बसली होती. उन्हाने ती तडकली होती आणि त्या भेगेतून धुराचा एक बारीक दोरा वर येत होता. झाडेजींनी माती खरवडली. खाली गंजलेलं, सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं. सकाळी शंकरभाऊ गाडी धूत, माती ओली होऊन फुगे आणि भोक बुजे. दुपारी माती वाळून फाटे आणि भोक उघडं पडे. आपल्या कपाशीच्या वावराची माती! आमच्या जिल्ह्यातलं लहान पोरही जाणतं, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. परदेशी पुस्तकाच्या शेकडो पानांत ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. झाडेजींनी ते माझ्या मदतीशिवाय वाचलं. नळी गाडीवरून उतरवली, धुतली, लांब नेऊन तिचं भोक बुजवलं आणि पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी फुगा ताठ राहिला. गाडी विकली गेली नाही. गुरुवार चालू राहिला, तो पुढे किती वर्षं.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने लिहिलं असतं. पण कागदात गुंडाळलेला तो जुना, निर्दोष वॉल पुन्हा मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर गेला आणि तिथे कागदांवर ठेवायचं वजन झाला. येणारा-जाणारा विचारी, हे काय? डॉक्टर दिलदार माणूस, मनात काही नसे, पण गोष्ट रंगवून सांगत. बघता बघता तालुक्यात म्हणीसारखा शब्दच रूढ झाला. कोणाचा चांगला दात उपटला गेला, चांगला पंप बदलला गेला, की लोक म्हणत, “घ्या, झाडेचा वॉल झाला!” गळती कोणी शोधली, हे लोक विसरले, शब्द तेवढा उरला. गावातल्या दोन जीपा त्यांच्याकडे यायच्या, त्याही हळूहळू दुसरीकडे जाऊ लागल्या. झाडेजींच्या समोर कोणी तो शब्द काढला तर ते स्वतःही हसत. मी तिथे असले, तर माझ्याकडे पाहत मात्र नसत. ते मुद्दाम होतं, माझी मान खाली जाऊ नये म्हणून.

एवढंच करून ते थांबले नाहीत. महिन्याभराने ते एका पाटीवर खडू घेऊन माझ्यासमोर बसले. वय पन्नाशीच्या पुढे. “मले इंग्रजी अक्षरं शिकवा.” मी म्हटलं, आता कशाला? मी आहे ना वाचायला. ते पाटी पुसत म्हणाले, “म्हणूनच तं. पुढच्या डावी तुमाले एकटीले वाचा लागू नये. दोघं वाचू. चुकलो तं दोघं चुकू.”

वर्षभर दर शुक्रवारी आमची ती शाळा भरली. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतका चांगला विद्यार्थी लाभला नाही. त्यांनी स्वतः जुळवून वाचलेला पहिला इंग्रजी शब्द कोणता असेल, हे वाचकांनी ओळखलंच असेल. ‘व्हेंट’ वाचून ते इतके खूश झाले, की त्यांनी तो शेडच्या दारावर खडूने लिहिला आणि खाली दुसरा शब्द लिहिला, ‘ओपन’. गिऱ्हाइकांना वाटे, दुकान उघडं आहे असं लिहिलंय.

निवृत्त झाल्यावर मी मुलीकडे पुण्याला आले. निघायच्या दिवशी सुमनवहिनींनी माझी ओटी भरली, फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “येजो वं बाई.” मी ‘हो’ म्हटलं आणि गेले नाही. आंजीला माहेरी दोनदा जाऊन आले. वर्ध्यापर्यंत गेले, समुद्रपूरची बस समोर उभी होती, कंडक्टर गावाचं नाव घेऊन ओरडत होता, तरी चढले नाही. त्या शेडसमोर उभं राहायचं तर जे सांगायचं ते सांगावं लागलं असतं, आणि तो धीर मला होत नव्हता. इथे शेजारी संध्याकाळी धूप जाळतात. तो वास आला की मी हातातलं काम सोडून गॅलरीत जाते. मला ते रणरणतं ऊन आठवतं, मान टाकणारा फुगा आठवतो, पाटावर बसून माझा शब्द न् शब्द ऐकणारे झाडेजी आठवतात. मला तो कडुनिंब हवा आहे, ती खुर्ची हवी आहे. पुण्यात सगळं काही आहे, पण ‘हळू वाचजा’ म्हणणारं इथे कोणी नाही.

संपादकांनी मला झाडेजींच्या गुणांविषयी लिहायला सांगितलं होतं. मी माझ्या अवगुणाविषयी लिहिलं, त्याबद्दल क्षमा असावी. पण त्यांचा सगळ्यात मोठा गुण मला माझ्या चुकीतूनच दिसला आणि तो त्यांनी इतकी वर्षं झाकून ठेवला. ते स्वतः तर कधीच सांगणार नाहीत, म्हणून आता मी सांगते आहे. त्या दिवशी दवाखान्यात खरं बोलायची पाळी माझी होती. मी ती आज घेते.

झाडेजी, आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांच्या गाड्यांचा श्वास मोकळा केलात. तुमचा श्वास असाच मोकळा राहो, हातातला पाना हलका राहो, कान शाबूत राहोत आणि दारावरच्या त्या दोन शब्दांप्रमाणे तुमचं दुकान एरवी उघडं राहो. तुमच्या पंचाहत्तरीचा लेखही मलाच लिहायचा आहे आणि तो मी तुमच्या समोर बसून, हळू वाचणार आहे.

समुद्रपूरकरांना एकच विनंती. यापुढे कोणी धडधाकट वस्तू काढून फेकली, तर झाडेजींचं नाव घेऊ नका. ‘बाईचा वॉल झाला’ म्हणा. आणि वहिनी, सत्काराच्या दिवशी सकाळच्या बसने मी येते आहे. आल्याबरोबर मी डॉक्टरांच्या टेबलावरून तो वॉल उचलणार आहे. झाडेजी, तो कागदात गुंडाळून मला द्या. माझी वस्तू आहे ती.